कानाच्या पलीकडचे बहिरेपण

पक्षाघाताचा झटका येऊन गेला की घरचे लोक आणि डॉक्टर रुग्णाकडे ठरावीक क्रमाने बघतात. हात उचलता येतो का, पाय टेकवता येतो का, तोंड वाकडे झाले आहे का, बोलणे स्पष्ट आहे का, घास गिळता येतो का. हे सगळे प्रश्न योग्यच आहेत. पण या यादीत बहुतेक वेळा एक प्रश्न राहून जातो : ऐकू नीट येते का?

लुळा पडलेला हात सगळ्यांना दिसतो. बिघडलेले ऐकणे डोळ्यांना दिसत नाही. ते वागण्यातून बाहेर येते आणि त्या वागण्याला घरात भलतीच नावे मिळतात. ‘आजोबा हल्ली मुद्दाम लक्ष देत नाहीत.’ ‘आईला आता काही कळत नाही.’ ‘बाबा झटक्यानंतर फार हट्टी झालेत.’ यातल्या काही घरांत माणूस हट्टी झालेला नसतो आणि त्याची बुद्धीही गेलेली नसते. त्याच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग किंवा तिथवर जाणारी वाट झटक्यात सापडलेली असते. कान तपासले तर कदाचित ते ठणठणीत निघतील आणि मग घरच्यांचा गैरसमज आणखीच पक्का होईल.

ऐकण्याची सुरुवात कानात होते, पण ते पुरे होते मेंदूत. म्हणून झटक्यानंतर कुठे काय बिघडले हे कळायचे तर आधी आवाजाची वाट माहीत हवी.

आवाजाची वाट

कानाच्या पडद्याची थरथर हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांमार्फत आतल्या कानात, वेटोळ्या आकाराच्या कर्णावर्तात पोचते. तिथे द्रवात डोलणाऱ्या रोमपेशी त्या हालचालीचे विजेच्या संदेशात रूपांतर करतात. मेंदूकडे मुख्य बातमी पोचवणाऱ्या रोमपेशी एका कानात साधारण साडेतीन हजारच असतात. त्यांच्याकडून निघालेले संदेश सुमारे ३०,००० तंतूंच्या श्रवणनसेतून मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूच्या देठात शिरतात.

इथपर्यंत उजव्या कानाची वाट उजवीकडे आणि डाव्या कानाची डावीकडे असते. देठातले पहिले ठाणेही त्याच बाजूचे. त्यानंतर मात्र वाट फुटते. बरेचसे तंतू ओलांडून समोरच्या बाजूला जातात, काही आहे त्याच बाजूने वर चढतात. दोन्ही कानांच्या बातम्या इथे पहिल्यांदा एकत्र येतात आणि त्यांची तुलना होते. डावीकडून आलेली हाक डाव्या कानात थोडी आधी पोचते. हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सात दशांशाएवढा असतो. तेवढ्यावरून, आणि दोन कानांतल्या आवाजाच्या कमी-अधिक तीव्रतेवरून, हाक कुठून आली हे आपल्याला मान वळवण्याआधी समजते.

पुढे मध्यमस्तिष्क, मग थॅलॅमस आणि शेवटी कानाच्या वरच्या अंगाला असलेल्या टेम्पोरल लोबमधले श्रवणकेंद्र. हे केंद्र मेंदूच्या एका खोल घडीत दडलेले आहे. त्या वळकटीला ऑस्ट्रियन शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड हेशल यांचे नाव आहे. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी ही दोन केंद्रे असतात आणि प्रत्येकाला दोन्ही कानांची खबर मिळते.

या रचनेतून एक नियम निघतो आणि पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. वाट फुटण्याआधी इजा झाली तर एक कान बहिरा होतो. वाट फुटल्यानंतर, वरच्या मजल्यावर, एकाच बाजूला इजा झाली तर कोणताही कान पूर्ण बहिरा होत नाही, पण ऐकण्याची गुणवत्ता बिघडते. आणि वर दोन्ही बाजूंना इजा झाली तर चांगले कान असलेला माणूस बहिरा होऊ शकतो.

चक्कर आणि अचानक बंद झालेला कान

पहिला प्रकार सगळ्यात तातडीचा आहे, कारण तिथे ऐकू न येणे हीच झटक्याची वर्दी असू शकते.

मानेच्या मणक्यांतून दोन धमन्या वर चढतात आणि मेंदूच्या तळाशी एकत्र येऊन एकच मोठी बॅसिलर धमनी बनते. तिच्या एका शाखेला डॉक्टर बोलताना ‘आयका’ म्हणतात. ही शाखा लहान मेंदूच्या पुढच्या भागाला आणि देठाच्या कडेला रक्त पुरवते. बहुतेक लोकांत आतल्या कानाला रक्त देणारी बारीक धमनीही हिच्यातूनच निघते. त्या धमनीला पर्यायी वाट नाही. ती बंद पडली की शेजारून रक्त येत नाही.

आतला कान तर रक्ताच्या बाबतीत फार अधीर आहे. रोमपेशी चालण्यासाठी कर्णावर्तातल्या एका द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब सतत टिकवून ठेवावा लागतो. रक्त थांबले की तो काही मिनिटांतच ढासळतो. म्हणून या धमनीतला अडथळा एका कानाचे ऐकणे झटक्यात घेऊन जातो. सोबत भोवंड येते, उलट्या होतात, चालताना तोल एका बाजूला जातो, कधी चेहऱ्याची एक बाजू सैल पडते, कानात गुणगुण सुरू होते. अमेरिकी मेंदुतज्ज्ञ रेमंड ॲडम्स यांनी या धमनीच्या झटक्याचे चित्र १९४३ मध्ये मांडले. पुढे एमआरआय आल्यावर कोरियातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या ऐकण्याची बारकाईने तपासणी केली. त्यात असे दिसले की काही रुग्णांत कान बंद होणे किंवा चक्कर हे मोठ्या झटक्याच्या काही दिवस आधीच येऊन गेले होते.

अचानक एक कान बंद पडण्याच्या बहुतेक घटना पक्षाघाताच्या नसतात, हेही इथे स्पष्ट सांगायला हवे. कानाच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी गेले तर अशा अनेकांना वेळेत उपचार मिळतात. पण अचानक बहिरेपणासोबत जोराची चक्कर असेल, उभे राहता येत नसेल, दोन-दोन दिसत असेल, बोलणे जड झाले असेल, चेहरा किंवा हात बधिर झाला असेल, तर ‘पित्त झाले असेल’, ‘कानात मळ असेल’ म्हणत घरी थांबणे धोक्याचे आहे. दोन्ही कान एकदम बंद होणे हे बॅसिलर धमनी बंद होऊ लागल्याचे लक्षण असू शकते आणि ती धमनी पूर्ण बंद झाली तर जिवावर बेतते. अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करावा आणि सीटी व एमआरआयची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

मेंदूच्या या मागच्या भागातला लहान झटका पहिल्या ४८ तासांत एमआरआयमध्येही कधी कधी दिसत नाही. म्हणून जाणकार डॉक्टर खाटेजवळच डोळ्यांच्या हालचालींच्या तीन खुणा तपासतात. पुढे त्यात चौथी साधी तपासणी जोडली गेली : प्रत्येक कानाजवळ बोटे घासून आवाज ऐकू येतो का ते विचारायचे. चक्कर येणाऱ्या माणसाला एका कानाने नव्यानेच ऐकू येईनासे झाले असेल तर झटक्याचा संशय बळावतो. या चौथ्या तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही.

लंडनचे माकड आणि बर्लिनचा रुग्ण

कान शाबूत असताना केवळ मेंदूमुळे बहिरेपण येते का, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात मोठ्या वादाचा होता. ऑगस्ट १८८१ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली होती. स्कॉटिश मेंदुशास्त्रज्ञ डेव्हिड फेरियर यांनी तिथे दोन माकडे जमलेल्या डॉक्टरांसमोर आणली. एकाच्या मेंदूतला हालचालींचा भाग काढलेला होता. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबची वरची वळकटी काढलेली होती. त्यांच्याजवळ बंदुकीच्या टोपीचा बार उडवला तेव्हा पहिले माकड दचकले आणि दुसऱ्याने काहीच दाद दिली नाही. या प्रयोगांपायी त्याच वर्षी फेरियर यांच्यावर प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याचा खटला भरला गेला. शस्त्रक्रिया त्यांच्या सहकाऱ्याने केली होती, म्हणून ते सुटले.

दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, जर्मनीतील कार्ल वेर्निके आणि कार्ल फ्रीडलेंडर यांनी एका माणसाबद्दल तेच लिहिले. दोन्ही टेम्पोरल लोबना इजा झाल्यामुळे आलेल्या बहिरेपणाची ती नोंद होती. पण वाद इथे मिटला नाही. १८८८ मध्ये एडवर्ड शेफर आणि सँगर ब्राउन यांनी तशीच शस्त्रक्रिया केलेल्या माकडांना ऐकू येते असे जाहीर केले. कोण खरे?

उत्तर मिळायला जवळपास शंभर वर्षे लागली. १९८६ मध्ये हेफनर दांपत्याने जपानी माकडांवरच्या काळजीपूर्वक चाचण्यांतून दाखवले की दोन्ही श्रवणकेंद्रे गेल्यावर सुरुवातीला फार मोठे बहिरेपण येते आणि नंतरच्या आठवड्यांत, महिन्यांत त्यातले बरेचसे ऐकणे परत येते, तरी काही उणीव कायम राहते. म्हणजे लवकर पाहणाऱ्याला बहिरे माकड दिसणार आणि उशिरा पाहणाऱ्याला ऐकणारे. दोघांचेही निरीक्षण आपापल्या जागी खरे असू शकते.

माणसांतही साधारण हाच क्रम दिसतो. दोन्ही बाजूंचे केंद्र एकाच वेळी सहसा जात नाही, कारण डावीकडची आणि उजवीकडची मुख्य धमनी वेगळी असते. बहुतेकदा दोन झटके लागतात. गुठळी पुष्कळदा हृदयातून आलेली असते : लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने झडप अरुंद झालेले हृदय, किंवा उतारवयात ठोक्यांची लय बिघडलेले हृदय. पहिल्या झटक्यातून माणूस सावरतो आणि ऐकण्याबाबत तक्रारही नसते, कारण दुसरे केंद्र काम भागवत असते. मग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी विरुद्ध बाजूला झटका येतो आणि सगळे आवाज एकाएकी थांबतात. डॉक्टरांच्या दृष्टीने दुसरा झटका लहान असेल, पण ऐकण्याच्या दृष्टीने तो राखीव साठा संपवणारा असतो.

अशा रुग्णांत एक विलक्षण गोष्ट नोंदली गेली आहे. ‘मला काही ऐकू येत नाही’ असे मनापासून सांगणारा माणूस अचानक झालेल्या मोठ्या आवाजाने दचकतो किंवा नकळत आवाजाच्या दिशेला वळतो. देठातले खालचे मार्ग चालू असतात आणि शरीर त्यांच्या बळावर प्रतिसाद देते. जाणीव मात्र वरच्या केंद्राशिवाय होत नाही. घरच्यांना वाटते की माणूस सोंग करतो आहे. तो सोंग करत नसतो. त्याचे दचकणे खरे असते आणि त्याचे ऐकू न येणेही खरेच असते.

आवाज येतो, शब्द येत नाही

पूर्ण बहिरेपण ओसरू लागले की पुष्कळदा मधली अवस्था उरते. आवाज येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. यातला सगळ्यात चकवणारा प्रकार म्हणजे शब्दबहिरेपण. माणूस स्वतः नीट बोलतो, वर्तमानपत्र वाचतो, चिठ्ठी लिहितो, दाराची बेल आणि कुकरची शिट्टी ओळखतो. फक्त समोरच्याचे बोलणे त्याला कळत नाही. असे रुग्ण सांगतात की बोलणे परक्या भाषेसारखे वाटते, नुसती सळसळ वाटते, लोक फार भराभर बोलतात. जर्मन वैद्य अडोल्फ कुसमाउल यांनी १८७७ मध्ये या अवस्थेकडे लक्ष वेधले. दोन्ही टेम्पोरल लोबना इजा झाल्यावर ती दिसते. कधी केवळ डाव्या बाजूच्या खोल इजेमुळेही येते, कारण तिथे भाषेच्या केंद्राकडे दोन्ही बाजूंनी येणारे ऐकण्याचे धागे एकदम तुटतात.

यात नेमके काय हरवते? वेळेचे बारीक मोजमाप. पार, फार, बार, भार हे चार शब्द मोठ्याने म्हणून बघा. चौघांतला ‘आर’ तोच आहे. फरक आहे तो ओठ उघडताना : कंठातला नाद कधी सुरू झाला आणि मध्ये हवेचा झोत आला की नाही. हा सगळा निवाडा सेकंदाच्या काही शतांश भागांत होतो. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरकही तेवढाच क्षणिक. स्वर त्या मानाने लांब आणि स्थिर असतात. निरोगी माणसाला दोन टिचक्यांमध्ये दोन-तीन मिलिसेकंदांची फट असली तरी त्या दोन आहेत हे कळते. शब्दबहिरेपणाच्या काही रुग्णांना त्याच्या कितीतरी पट मोठी फट लागते. व्यंजने त्यांच्या हातून निसटतात, स्वर तेवढे उरतात. मराठी बोलणाऱ्या रुग्णाची तर इथे जास्तच ओढाताण होणार, कारण आपली भाषा प-फ-ब-भ, त-थ-द-ध अशा चौपदरी फरकांवर उभी आहे.

अमेरिकेत अल्बर्ट आणि बेअर यांनी १९७४ मध्ये अशा एका रुग्णाशी मुद्दाम सावकाश बोलून पाहिले. त्याची समज सुधारली. ओरडण्याने असे होत नाही, कारण इथे आवाज कमी पडलेला नसतो. मेंदूला उलगडायला वेळ कमी पडलेला असतो. श्रवणयंत्राने या प्रकारात फारसे साधत नाही तेही याच कारणाने.

शब्दबहिरेपण आणि वाचाघात यांत गल्लत होते, पण दोन्हीत भेद करणे गरजेचे आहे. भाषेचे केंद्रच दुखावल्यामुळे आलेल्या वाचाघातात माणसाचे बोलणे, वाचणे, लिहिणे सगळेच कमी-जास्त बिघडते. शब्दबहिरेपणात वाचणे-लिहिणे शाबूत असते. हातात कागद दिला आणि ‘चहा घेणार का?’ असे लिहून दाखवले, की लगेच फरक कळतो.

बेल, ओळखीचा गळा आणि सूर

काही रुग्णांत उलट घडते. बोलणे समजते, पण बाकीचे आवाज ओळखू येत नाहीत. नळ सुरू राहिल्याचा आवाज, फोनची रिंग, भांडे पडल्याचा आवाज आणि कुत्र्याचे भुंकणे यांत फरक करता येत नाही. याला श्रवण-अज्ञान म्हणता येईल. दोन्ही बाजूंच्या इजेत ते तीव्र असते, पण उजव्या बाजूच्या इजेनंतरही दिसते. उजव्या गोलार्धाच्या झटक्यानंतर ओळखीचा गळा परका वाटू शकतो. बोलण्यातला राग, थट्टा, काळजी हा लहेजा कळेनासा होतो. शब्द पोचतात आणि त्यामागचा भाव पोचत नाही. नात्यांवर याचा फार परिणाम होतो. सून काळजीने विचारते आणि सासऱ्यांना ते दरडावणे वाटते.

संगीताचे ऐकणे वेगळेच वागते. काहींना झटक्यानंतर आवडते गाणे नुसता गोंगाट वाटू लागते. दुसऱ्या टोकाला रशियन संगीतकार व्हिस्सारिओन शेबालिन यांची कहाणी आहे. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचे संचालक राहिलेल्या शेबालिन यांना १९५३ आणि १९५९ मध्ये पक्षाघाताचे झटके आले. दुसऱ्यानंतर बोलणे आणि दुसऱ्याचे बोललेले समजणे, दोन्हींना जबर धक्का बसला. तरी ते संगीतरचना करत राहिले. त्यांची पाचवी सिम्फनी १९६२ मध्ये पुरी झाली आणि १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. अलेक्झांडर लुरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये हे उदाहरण प्रसिद्ध केले, तेव्हा मेंदूत शब्द आणि सूर यांच्या वाटा बऱ्याच अंशी वेगळ्या असल्याचा तो ठळक पुरावा ठरला. ज्याच्याशी शब्दांतून संवाद तुटला आहे, त्याच्यापर्यंत सूर अजून पोचत असतील, ही आशा त्यामुळे बळावते.

सर्वांत जास्त आढळणारी, सर्वांत कमी विचारली जाणारी तक्रार

आतापर्यंतचे प्रकार विरळ आहेत. एकाच बाजूच्या झटक्यानंतर येणारी उणीव मात्र कितीतरी जास्त घरांत असते. असा माणूस शांत खोलीत एकाशी व्यवस्थित बोलतो. पण घरात टीव्ही चालू आहे, मिक्सर फिरतो आहे, पंखा घरघरतो आहे आणि चार माणसे एकदम बोलत आहेत, अशा वेळी त्याला काहीच कळेनासे होते. गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा काढणे, आवाज कुठून आला ते ठरवणे, भराभर बदलणाऱ्या बोलणाऱ्यांमागे लक्ष नेणे, ही कामे मेंदूचीच आहेत. मेंदूच्या उजव्या बाजूच्या झटक्यानंतर डावीकडून मारलेल्या हाकेकडे दुर्लक्षही होते, कान नीट असूनही. लंडनच्या दोरिस-एव्हा बामिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तक्रारींचा बराच अभ्यास केला आहे.

यात वयाची भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार साठीपुढच्या लोकांत २५ टक्क्यांहून अधिकांना कामात अडथळा आणणारे बहिरेपण असते. म्हणजे झटका येतो तेव्हा कानही थोडे थकलेले असण्याची शक्यता मोठी. आधी मेंदू कमी ऐकू आलेल्याची भरपाई अंदाजाने करत असे. झटक्यानंतर तो अंदाजच दुबळा होतो, आणि जुने बहिरेपण एकदम वाढल्यासारखे वाटते. इथे श्रवणयंत्राचा उपयोग होतो आणि ते लवकर घ्यावे. कान जेवढे स्वच्छ पाठवतील, तेवढे मेंदूचे ओझे हलके होईल.

तपासणी कुठवर सांगते

ऐकण्याच्या नेहमीच्या चाचणीत बारीक-मोठे सूर ऐकवून आलेख काढतात. ती गरजेचीच आहे, पण ती सूर कळतो का एवढेच सांगते. रोमपेशी जिवंत आहेत का हे पाहायला ओएई ही चाचणी आहे. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी निरोगी कान स्वतःही अतिमंद आवाज काढतो हे दाखवले, त्यावर ती उभी आहे. श्रवणनस आणि देठातली वाट पाहण्यासाठी बेरा केली जाते. टिचकीनंतर पहिल्या दहा मिलिसेकंदांत उमटणाऱ्या लहरी ती टिपते. या लहरी मध्यमस्तिष्काच्या आसपास संपतात. म्हणून ‘बेरा नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘ऐकणे नॉर्मल आहे’ असा होत नाही. त्यापुढचा मार्ग त्या कागदावर नसतोच.

वरच्या मजल्याची परीक्षा वेगळी असते : गोंगाटात शब्द ओळखणे, आवाजातली बारीक फट ओळखणे, दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळे आकडे ऐकून दोन्ही सांगणे. डोरीन किमुरा यांनी १९६१ मध्ये मॉन्ट्रियलला अशाच आकड्यांच्या चाचणीतून टेम्पोरल लोबचे काम उलगडले. या चाचण्यांचे शब्द रुग्णाच्या मायबोलीतले हवेत, नाहीतर भाषेचे अज्ञान बहिरेपण म्हणून नोंदले जाईल. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांतले वाचा-श्रवण विभाग इथे यासाठी विचारणा करता येते.

कायद्याची मोजपट्टी मात्र कानापाशीच थांबते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची हानी असेल तर कमी ऐकू येणारी व्यक्ती आणि ७० डेसिबल असेल तर बहिरी व्यक्ती. शब्दबहिरेपणाच्या रुग्णाचा आलेख चांगला आला तर तो या चौकटीत बसत नाही. याच कायद्यात मज्जासंस्थेच्या आजारामुळे आलेल्या वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाचा वेगळा वर्ग आहे. अशा कुटुंबांनी त्या दिशेने डॉक्टरांशी बोलावे.

सुधारणा आणि घर

झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू सगळ्यात जास्त सावरतो. पूर्ण बहिरेपणाचे रूपांतर पुष्कळदा अर्धवट समजण्यात होते आणि सरावाने त्यात भर पडते. वाचा-श्रवण तज्ज्ञ आवाज ओळखण्याचे, जवळजवळच्या व्यंजनांचे, ओठांवरून बोलणे वाचण्याचे धडे देतात. गोंगाटाची तक्रार असलेल्यांसाठी दूरस्थ माइक उपयोगी पडतो : बोलणाऱ्याच्या गळ्यात माइक आणि ऐकणाऱ्याच्या कानात छोटे यंत्र. लंडनच्या बामिऊ यांच्या गटाने असे यंत्र काही आठवडे वापरलेल्या रुग्णांत, यंत्र काढल्यावरही गोंगाटातले ऐकणे सुधारल्याचे नोंदवले आहे. फिनलंडमध्ये तेप्पो सारकामो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही घरच्यांना कळायला हवा. झटक्यानंतर दोन महिने रोज आवडीचे संगीत ऐकणाऱ्या रुग्णांची शब्दांची स्मृती आणि एकाग्रता, बोलकी पुस्तके ऐकणाऱ्यांपेक्षा आणि काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. आजींना आवडणारी भजने किंवा नाट्यपदे खाटेजवळ लावायला खर्च येत नाही.

घराची वागणूक हा उपचाराचा मोठा भाग आहे. बोलण्याआधी टीव्ही बंद करावा. समोर, उजेडात बसावे आणि एका वेळी एकानेच बोलावे. आवाज चढवू नये. वाक्य छोटे ठेवावे, सावकाश म्हणावे आणि मध्ये थांबावे. ‘बाबा, औषध घेतलंत?’ एवढे म्हणून उत्तराची वाट पाहावी. कळले नाही तर तेच वाक्य पाचदा म्हणण्याऐवजी शब्द बदलावेत किंवा पाटीवर, मोबाइलवर मराठीत लिहून दाखवावे. मेंदूच्या उजव्या बाजूच्या झटक्यानंतर सुरुवातीला उजवीकडून बोलावे. दाराला चमकणाऱ्या दिव्याची बेल लावता येते. आवाज ओळखू न येणाऱ्याला रस्त्यावर एकटे सोडू नये आणि गॅसजवळ सोबत असावी. महत्त्वाची सूचना, विशेषतः औषधांची, नुसती ऐकवू नये. लिहूनही द्यावी, कारण रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चुकली तर पुढचा झटका दुसऱ्या बाजूला येऊ शकतो. त्या दुसऱ्या बाजूवरच सध्या ऐकणे टिकून असते.

आणि सगळ्यात आधी, त्या माणसावर विश्वास ठेवावा. ‘ऐकू येतं पण कळत नाही’ हे वाक्य पक्षाघाताचा रुग्ण म्हणतो तेव्हा तो वैद्यकीय लक्षण सांगत असतो. रुग्णालयातून घरी सोडताना हाता-पायांच्या व्यायामाचा आणि रक्तदाबाचा कागद मिळतो. त्याच कागदावर ऐकण्याच्या तपासणीची एक ओळ हवी, आणि ती नसेल तर कुटुंबाने ती मागून घ्यावी. चालायला शिकवताना दिलेल्या सूचना, वाचा-उपचारातले धडे, औषधांच्या वेळा, नातवंडांच्या गप्पा, हे सगळे माणसापर्यंत कानाच्या वाटेनेच जाते. ती वाट कुठे खचली आहे हे वेळेत कळले, तर बाकीच्या प्रत्येक उपचाराला फळ येण्याची शक्यता वाढते.